कलम ६६अ (माहिती तंत्रज्ञान कायदा)

कलम ६६अ म्हणजे भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं (आयटी अ‍ॅक्ट, २०००) एक रद्द झालेलं कलम. ऑनलाइन काही 'त्रासदायक' लिहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड, असं ते होतं. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ते घटनाबाह्य ठरवून पूर्ण काढून टाकलं, तरी पोलीस ठाण्यांमधून ते पुढची कितीतरी वर्षं निघालं नाही. इंटरनेटवर सरकारचा लगाम किती आणि बोलायची मोकळीक किती हा वाद भारतात खऱ्या अर्थाने पेटला तो या कलमावरून, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली केस आपल्या पालघरची.

२००० च्या मूळ कायद्यात हे कलम नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये, २६/११ चा हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, संसदेच्या गोंधळात जवळपास चर्चेविना एक मोठी दुरुस्ती पास झाली, त्यात हे आलं आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. शब्दांचा साचा ब्रिटिश कायद्यातून उचललेला. अत्यंत आक्षेपार्ह, धमकीवजा, किंवा खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष पसरवण्यासाठी पाठवलेला मजकूर, असं सगळं एकाच पोत्यात भरलेलं. आता गैरसोय म्हणजे काय? सोसायटीच्या ग्रुपवर कुणी पाण्याच्या बिलावरून चिडून लिहिलं तरी सेक्रेटरीची गैरसोय होतेच की. व्याख्या कुठेच नव्हती, म्हणजे ती करायची कुणी, तर ठाण्यात ड्युटीवर जो असेल त्याने.

पालघरला नेमकं तेच झालं. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ ला गेले, दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार, मुंबई आणि आसपासचा भाग बंद. पालघरमधल्या (तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातच होता, वेगळा जिल्हा २०१४ ला झाला) एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जन्मतात, मरतात, मुंबई बंद राहिली ती आदराने नाही तर भीतीने. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. बस, एवढंच. तक्रार झाली, दोघींना अटक झाली आणि जमावाने मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला, ज्याचा त्या पोस्टशी काडीचाही संबंध नव्हता. आधी धार्मिक भावना दुखावल्याचं कलम लागलं, मग ते बदलून दंड संहितेचं ५०५ (लोकांमध्ये वैर पसरवणारी विधानं) आणि सोबत ६६अ, म्हणजे आधी माणूस धरला आणि गुन्हा नंतर शोधत बसले. १५ हजारांच्या जामिनावर दोघी सुटल्या. देशभर बोंबाबोंब झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे पोलिसांनीच केस बंद करायचा रिपोर्ट दिला. पण तोपर्यंत 'लाइक केलं तरी आत टाकतात' हे घराघरात पोचलं होतं, आणि ती धास्ती कुठल्याही क्लोजर रिपोर्टने बंद होत नाही.

पालघर एकटं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने फॉरवर्ड केल्याबद्दल उचललं, आणि त्या केसमधून त्यांची सुटका व्हायला २०२३ उजाडलं. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना अटक, तिथे तर राजद्रोहही जोडलेला. ऑक्टोबरमध्ये पुदुच्चेरीचा एक व्यावसायिक, तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांचे चिरंजीव कार्ती यांच्यावरच्या ट्वीटसाठी. पक्ष कुठलाही असो, सत्तेतल्या माणसाला झोंबलं की ६६अ, हे चित्र इतकं स्वच्छ होतं की जानेवारी २०१३ मध्ये केंद्राला राज्यांना कळवावं लागलं की वरिष्ठांच्या परवानगीशिवाय या कलमाखाली अटक करू नका.

पालघरच्या बातम्या वाचून श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, पुढे इतरांच्या याचिकाही तिला जोडल्या गेल्या. निकाल न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाचा, लिहिला नरिमन यांनी. त्यातली मुख्य गोष्ट अशी की चर्चा करणं, एखाद्या मताचा प्रचार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि सरकारला हात घालता येतो तो तिसऱ्या पायरीवर, मग पहिल्या दोन कुणाला कितीही खुपोत. शब्दांचा ढिलेपणा दाखवायला कोर्टाने ब्रिटनमधल्याच केसेस घेतल्या: एका केसमध्ये तोच मजकूर खालच्या कोर्टांना अत्यंत आक्षेपार्ह वाटला नाही आणि वरच्याला वाटला, तर मुरलेल्या न्यायाधीशांचं जिथे एकमत नाही तिथे सामान्य माणसाने पोस्ट टाकताना काय अंदाज बांधायचा? सरकारने सांगून पाहिलं की आम्ही कलम जपून वापरू. कोर्टाचं म्हणणं, सरकारं येतील आणि जातील, कलम तसंच राहील.

आणि मग सुरू झाला याचा विचित्र भाग. रद्द कलमाखाली एफआयआर होतच राहिले. पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना पुन्हा सुप्रीम कोर्टात गेली, २०२१ मध्ये तिने दिलेल्या आकडेवारीत ११ राज्यांच्या जिल्हा कोर्टांत ७४५ केसेस चालू होत्या, आणि निकालानंतर नोंदवलेल्या गुन्ह्यांत महाराष्ट्र ३८१ आकड्यासह पहिला. (पालघर ज्या राज्यात झालं त्या राज्यात!) तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी कोर्टात कारण सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही: कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसंच्या तसं आहे, रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत लिहिलंय, आणि तळटीप कोण वाचतं. गृहमंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये राज्यांना पत्रं पाठवली, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवायचा नाही.

६६अ गेल्यामुळे ऑनलाइन छळ मोकाट सुटला असं बरेच जण म्हणतात, खासकरून बायकांना येणाऱ्या घाणेरड्या मेसेजबद्दल, आणि त्या तक्रारीत दम आहे, पण हत्यार नाही असं मात्र नाही. त्याच २००८ च्या दुरुस्तीतलं ६६ई, म्हणजे संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचे फोटो काढणं किंवा पसरवणं, ते शाबूत आहे, अश्लील मजकुराचं ६७ आहे, पाठलाग आणि धमकीची कलमं आता न्याय संहितेत आहेत. अडतं ते तपासावर.

निकालाने सगळंच मोडीत काढलं नाही. साइट ब्लॉक करायचं कलम ६९अ कोर्टाने कायम ठेवलं, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद झाली ती त्याच्याच जोरावर. कलम ७९, म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी वेबसाइट किंवा अ‍ॅप कंपनी कधी जबाबदार, त्याबाबत ठरलं की कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच कंपनीने मजकूर हटवायचा, कुणीही मेल टाकला म्हणून नाही. त्यानंतर लगामाची जागाच बदलली, आधी लिहिणारा माणूस धरायचे, आता कंपनीला धरतात. २०२१ चे आयटी नियम याच वाटेचे. त्यातला डिजिटल बातम्यांवरचा आचारसंहितेचा भाग मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केला, पत्रकार निखिल वागळे त्यातले एक याचिकाकर्ते. २०२३ मध्ये सरकारविषयीचं खरं-खोटं सरकारी फॅक्ट चेक युनिटने ठरवायचं अशी दुरुस्ती आली, कॉमेडियन कुणाल कामरा कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्या. अतुल चांदुरकर यांनी ती दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं.

प्रायव्हसीचा धागा यात नंतर आला. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी केसमध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्यामुळे आता प्रश्न फक्त काय बोललं एवढा नाही, कोण बोललं हे शोधायला सरकारने किती खोल जायचं हाही आहे. २०२१ च्या नियमांत मोठ्या मेसेजिंग अ‍ॅपनी फॉरवर्डचा पहिला पाठवणारा शोधून देता आला पाहिजे अशी अट आहे. अफवेवरून जमाव माणसं मारतो हे आपण २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात पाहिलंय, पाच जीव गेले, तेव्हा अशी मागणी हवेतून आलेली नाही. पण पहिला माणूस कोण हे नंतर सांगायचं तर प्रत्येक मेसेजची खूण आधीपासून ठेवावी लागणार, आत्याच्या गुड मॉर्निंगच्या फुलांसकट. व्हॉट्सअ‍ॅपने दिल्ली हायकोर्टात याला आव्हान दिलंय, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलाने कोर्टात सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून मेसेज कुणालाच वाचता येऊ नये यासाठीचं कुलूप) तोडायला लावलं तर व्हॉट्सअ‍ॅप इथून जाईल.