पार्श्वभूमी : ‘जड’ कशाला म्हणायचे, ‘अलौकिक’ कशाला?

भौतिकवाद, म्हणजे जे काही आहे ते सारे भौतिकच हे मत, ग्राह्य आहे का, हा वाद पुराव्यापाशी पोचण्याआधी शब्दांतच रुततो. ‘जडवाद’ म्हटले की डोळ्यांपुढे दगडमाती येते. पण प्रकाशकणाला स्थिर वस्तुमानच नाही. ‘अतींद्रिय’ म्हणावे तर इलेक्ट्रॉनही इंद्रियांच्या पलीकडचाच. आणि ‘अलौकिक’ आपण गायकाच्या गळ्यालाही लावतो.

आज ‘अलौकिक’ने ज्याचे भाषांतर होते तो लॅटिन शब्द तेराव्या शतकात रुळला, तेव्हा त्याचा अर्थ फार अरुंद होता : कोणत्याही निर्मित वस्तूच्या आवाक्याबाहेरची, म्हणजे केवळ ईश्वराची कृती. सैतान आणि देवदूत निर्मितच, म्हणून त्यांच्या करामतींसाठी वेगळा कप्पा होता : नेहमीच्या चालीबाहेरचे, पण सृष्टीतलेच. या हिशेबाने चेटूक अलौकिक ठरत नव्हते! पुढे हा मधला कप्पा मोडला आणि सगळेच एका पोत्यात गेले.

‘भौतिक’ची व्याप्तीही स्थिर राहिली नाही. 1687 मध्ये मांडलेले गुरुत्वाकर्षण स्पर्शाविना काम करते, म्हणून टीकाकारांनी त्याला गूढ गुण म्हणून हिणवले. गणित जुळत गेले, तशी व्याख्याच सैल झाली.

यावरचा नेमका पेच 1969 मध्ये मांडला गेला. ‘भौतिक’ काय ते ठरवायला आजचे भौतिकशास्त्र प्रमाण मानले तर ते अपुरे आहे, म्हणजे भौतिकवाद बहुधा खोटा. भविष्यातले परिपूर्ण मानले तर त्यात काय असेल ते ठाऊक नाही, म्हणजे दावा पोकळ. यातून निघालेली सर्वांत कामाची वाट नकारात्मक व्याख्येची : विश्वाच्या तळाशी मानसिक काही नाही. मग अलौकिक म्हणजे अशी इच्छा किंवा जाणीव, जिची उकल मन नसलेल्या घटकांच्या रचनेत होत नाही. दोन मेंदू रेडिओलहरींनी बोलू लागले तर ते नवल, अलौकिक नव्हे. या व्याख्येची एक अडचण मात्र आहे : जाणीव हाच मूलभूत गुण आणि तो नियमबद्ध, असे मानणारेही आपोआप अलौकिकवादी ठरतात.

भौतिकवादाच्या समर्थनार्थ ऊर्जा-अक्षय्यतेचा (ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, नष्टही होत नाही) युक्तिवाद हमखास येतो. अमूर्त मन देहाला ढकलते कसे, हा प्रश्न 1643 मध्येच एका राजकन्येने पत्रातून विचारला होता. 1847 नंतर त्याला ऊर्जेच्या जमाखर्चाची जोड मिळाली. पण अक्षय्यतेचा नियम बंदिस्त प्रणालीपुरता असतो. मन बाहेरून ढकलत असेल तर मेंदू बंदिस्त नाही, आणि युक्तिवाद गोल फिरतो. खरा भार आहे तो एका साध्या निरीक्षणावर : चेतापेशींच्या अभ्यासात असा बाहेरचा धक्का कुठे आढळलेला नाही.

अलौकिक दावे तपासताच येत नाहीत, हेही सरसकट खरे नाही. रुग्णांसाठी इतरांनी केलेल्या प्रार्थनेचा परिणाम पाहणाऱ्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयाच्या बायपासचे 1802 रुग्ण तीन गटांत विभागले होते. प्रार्थना होईलच असे न सांगितलेल्या दोन गटांत, प्रार्थना झालेल्यांपैकी 52 आणि न झालेल्यांपैकी 51 टक्क्यांत गुंतागुंत उद्भवली. ती होणार असे सांगितलेल्या तिसऱ्या गटात मात्र 59 टक्के. चाचणीचा कच्चा दुवा उघड आहे : नातलगांच्या स्वतःच्या प्रार्थना कुणी थांबवू शकत नाही, त्यामुळे ‘प्रार्थनाविरहित’ गट खऱ्या अर्थाने तसा नव्हताच.