लैंगिक मनोरंजन स्थळांचे परवाने (ब्रिटन)

लॅप डान्स, पोल डान्स, स्ट्रिपटीज असे कार्यक्रम करणाऱ्या क्लबांना ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिलकडून घ्यावा लागणारा परवाना. दारूच्या परवान्याहून तो वेगळा असतो आणि जास्तीत जास्त एका वर्षाचा मिळतो.

१९८२ च्या कायद्याने सेक्स शॉप आणि सेक्स सिनेमागृहे कौन्सिलच्या परवान्याखाली आणली. लॅप डान्स क्लब मात्र २००५ पासून सर्वसाधारण परवाना कायद्याखाली गेले, म्हणजे कागदोपत्री कोपऱ्यावरच्या पबसारखेच झाले. हरकत घ्यायची तर गुन्हे, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव आणि मुलांचे संरक्षण या चारच मुद्द्यांवर घेता येई. ‘आमच्या वस्तीत अशी जागा नको’ ही तक्रार त्यात बसत नसे. ऑब्जेक्ट आणि फॉसेट सोसायटी या स्त्री-हक्क संघटनांनी याविरुद्ध मोहीम उघडली. २००९ च्या पोलिसिंग अँड क्राइम अ‍ॅक्टने ‘सेक्शुअल एंटरटेनमेंट व्हेन्यू’ हा नवा प्रकार आणला आणि एप्रिल २०१० पासून तो इंग्लंडमध्ये लागू झाला. प्रेक्षक एकटाच असला तरी कार्यक्रम या व्याख्येत बसतो. नाटकातले नग्न दृश्य सहसा बसत नाही. वर्षातून अकरापर्यंत कार्यक्रम, तेही महिन्याभराच्या अंतराने, केले तर परवाना लागत नाही. ही पळवाट कायद्यानेच ठेवली आहे.

तरतूद आपोआप लागू होत नाही, कौन्सिलने ठराव करून ती स्वीकारावी लागते. वर्षभरात ठराव न करणाऱ्या कौन्सिलांना त्याबाबत रहिवाशांचे मत घेणे बंधनकारक होते.

अर्ज दाखल झाला की सात दिवसांत स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि जागेवर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशी सूचना एकवीस दिवस लावून ठेवावी लागते. हरकतींसाठी अठ्ठावीस दिवस मिळतात. हरकत लेखी लागते. पण हरकतदाराचे नाव-पत्ता त्याच्या संमतीशिवाय अर्जदाराला कळवत नाहीत, आणि क्लबच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ही सोय फार मोलाची. निर्णय नगरसेवकांची समिती सुनावणी घेऊन करते. नीतिमत्तेवर आधारलेली हरकत मात्र ग्राह्य नाही. त्यामुळे मनात राग नैतिक असला तरी अर्जात बोलावे लागते ते परिसराच्या स्वरूपाबद्दल, जवळच्या शाळेबद्दल, चर्चबद्दल.

एखाद्या परिसरात अशी किती स्थळे योग्य, हे कौन्सिल ठरवू शकते आणि तो आकडा शून्यही असू शकतो. लंडनमधील हॅकनी कौन्सिलने घेतलेल्या मतचाचणीत बहुसंख्य उत्तरे शून्य धोरणाच्या विरोधात होती. तरीही जानेवारी २०११ मध्ये कौन्सिलने तेच धोरण स्वीकारले. जुन्या स्थळांना तेवढी सूट दिली. लोकमत विचारायचे, पण ते कौन्सिलवर बंधनकारक नसते, असाच या सल्लामसलतीचा अर्थ आहे. महाराष्ट्रात दारूच्या दुकानांबाबत याउलट आहे: नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते.

स्कॉटलंडमध्ये ही व्यवस्था २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने आली. एडिनबरो कौन्सिलने २०२२ मध्ये शून्याचा निर्णय घेतला. क्लबचालक आणि नर्तकींची कामगार संघटना, दोघेही न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो निर्णय रद्द झाला. स्त्रीवादी संघटनांचे इथे एकमत नाही. काहींना हे क्लब म्हणजे स्त्रियांचे वस्तूकरण वाटते. नर्तकींच्या संघटना विचारतात की क्लब बंद पडल्यावर सुरक्षारक्षक आणि दिवे असलेली कामाची जागा कुठे मिळणार. समानता कायद्यामुळे कौन्सिलला दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो.

दरवर्षी नूतनीकरण असल्याने मागच्या वर्षी मिळालेला परवाना यंदाही मिळेलच असे नाही. ऑक्सफर्डमधल्या एका क्लबला नूतनीकरण नाकारल्याच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हेच मान्य केले: नवी समिती त्याच परिसराकडे नव्या नजरेने पाहू शकते. संख्या किंवा परिसराच्या कारणावरून नकार मिळाला तर नेहमीचे अपील नाही, न्यायिक पुनर्विलोकनाची, म्हणजे निर्णय कायदेशीर रीतीने झाला का एवढेच न्यायालयाकडून तपासून घेण्याची, खर्चिक वाट तेवढी उरते.