डिस्कचा की बिनडिस्कचा? कन्सोल-खरेदीमागची पार्श्वभूमी

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, घ्यायला गेलं की काउंटरवरचा पोरगा हल्ली पहिल्यांदा विचारतो, "डिस्कवाला देऊ की डिजिटल?" सोनीचा प्लेस्टेशन की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, हे बहुतेकांनी घरूनच ठरवलेलं असतं. या प्रश्नापाशी मात्र माणूस अडतो आणि मागे वळून बरोबर आलेल्या भाच्याकडे बघतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ (पीएस५) भारतात आला तेव्हा खेळाची डिस्क घालायची खाच असलेला डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता आणि खाच नसलेला डिजिटल ३९,९९० ला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही आकडे पाच हजारांनी वर सरकले, एप्रिल २०२४ मध्ये 'स्लिम' हे आटोपशीर रूप त्याच भावांत आलं, पण मधलं अंतर दहा हजारांचंच राहिलं. त्या दहा हजारांच्या खाचेचा इतिहास आपल्याकडे जरा वेगळा आहे.

फार मागे जायला नको. जुलै १९८३ मध्ये जपानात आलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉन मूळ रूपात आपल्या घरांत फारसा पोचलाच नाही. पोचल्या त्याच्या नकला. नव्वदच्या दशकात मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे डबे आले आणि सगळ्यांना मिळून आपण 'टीव्ही गेम' म्हणू लागलो. त्या वेळी निवडीचा प्रश्नच नव्हता. जो डबा मिळेल तो, कारण बहुतेकांच्या पोटात एकच गोष्ट होती आणि एकाची कॅसेट दुसऱ्याला चालायची. हो, कॅसेट. जग त्याला कार्ट्रिज म्हणत असेल, आपल्याकडे ती कॅसेटच. '९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ मोजून वीस-पंचवीस निघत, बाकी त्यांचेच पुन्हा पुन्हा आकडे. चालली नाही तर काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. मे महिन्याच्या सुट्टीत एक कॅसेट वाड्यातल्या चार घरांत फिरे, आणि ती शेवटी कोणाची होती यावर भांडण होई. खेळ ही हातोहात फिरणारी वस्तू आहे, ही सवय तेव्हाच लागली.

मधला पहिला प्लेस्टेशन सोडून देतो. आपल्याकडची खरी गोष्ट प्लेस्टेशन २ पासून सुरू होते.

मार्च २००० मध्ये जपानात आलेलं हे यंत्र जगभरात १६ कोटींहून जास्त विकलं गेलं. घरगुती कन्सोलमध्ये आजही तो विक्रम आहे. आपल्याकडे ते घरात शिरलं त्यात डीव्हीडीचा वाटा मोठा. "बाबा, यावर सिनेमेपण दिसतात" या एका वाक्यावर किती पीएस२ विकले गेले याची मोजदाद कोणी केलेली नाही. अमेरिकेतल्या काकांनी आणलेल्या यंत्राची तऱ्हा निराळी. ते ११० व्होल्टचं, म्हणजे थेट भिंतीतल्या सॉकेटला लावलं की धूर. ट्रान्सफॉर्मर आणून तेवढं निभावलं तरी इथली डिस्क त्याला चालत नसे, कारण खेळांना प्रदेशाचं कुलूप होतं. त्यावर इलाज होता चिपचा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास यंत्र उघडून आत चिप बसवून मिळे, आणि मग कोणत्याही देशाची डिस्क चाले. कॉपी केलेलीही चाले. खरं तर चिप बसवणाऱ्यांना हवी असायची ती कॉपीच. मूळ डिस्क हजार-दोन हजारांची आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉपी शंभरात, हा हिशेब सातवीतल्या मुलालाही कळत होता. हे कायद्यात बसत नव्हतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

यातून एक विचित्र परिस्थिती झाली. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये अधिकृतपणे आला, साधा संच १९,९९० आणि पूर्ण संच २३,९९० रुपयांना. जाहिरातीत क्रिकेटपटू होता, सिनेनट होता. एप्रिल २००७ मध्ये पीएस३ आला, ३९,९९० ला. कागदावर दोन्ही यंत्रं पीएस२ च्या कितीतरी पुढची. पण २००६ च्या अखेरीस आलेला 'क्रिकेट ०७' निघाला तो फक्त पीसी आणि पीएस२ साठी. ज्या देशात एका खेळावर पिढी पोसली, त्या देशात तोच खेळ नव्या यंत्रावर नाही! त्यामुळे जगात पीएस३ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी आपल्याकडे पीएस२ चीच चलती होती. २००९ मध्ये भारतात तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळही पीएस२ साठीच काढला गेला, कारण इथल्या घरांत तेच यंत्र होतं.

पुढच्या फेरीत निवडीचा निकष बदलला. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क ड्राइव्हला 'फ्लॅश मारून', म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर बदलून, कॉपी चालवता येत असे. धोका एवढाच की इंटरनेटला जोडलं आणि कंपनीला सापडलं की ते यंत्र ऑनलाइन खेळातून कायमचं बाद. नोव्हेंबर २००९ मध्ये अशी मोठी मोहीम झाली आणि पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच पोरांना आपला कन्सोल एका रात्रीत मुका झालेला दिसला. पीएस३ चं कुलूप मात्र २०१० उजाडेपर्यंत शाबूत होतं. म्हणजे पीएस३ घेणाऱ्याला मूळ डिस्क घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ती दोन-अडीच हजारांच्या पुढे. माझ्या मते आपल्याकडचा वापरलेल्या डिस्कचा बाजार वाढला तो या सक्तीतून. खेळ संपवायचा, दुकानात द्यायचा, वर पाच-सातशे घालून दुसरा घ्यायचा. दुकानदार डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचा. चरा गोल असेल तर भाव पाडायचा, आडवा असेल तर चालवून घ्यायचा, आणि डबी फुटलेली असली तर पन्नास कमी. पीएस३ ला प्रदेशाचं कुलूपही जवळजवळ नव्हतं, त्यामुळे दुबईहून आलेली डिस्कही याच काउंटरवरून फिरे.

या बाजारावरच २०१३ मध्ये घाला आला असता. त्या वर्षीचा निर्णय नीट सांगितल्याशिवाय आजचा 'डिस्क की डिजिटल' उलगडत नाही.

२१ मे २०१३ रोजी ३६० नंतरचा एक्सबॉक्स वन जाहीर झाला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या अटी बाहेर आल्या. कन्सोलने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची, नाहीतर खेळ बंद. डिस्क विकत घेतली तरी खेळ तुमच्या खात्याला चिकटणार. मित्राला द्यायचा तर तो मित्र तुमच्या ऑनलाइन यादीत निदान ३० दिवस असायला हवा, आणि एक खेळ एकदाच देता येणार. जुना खेळ दुकानात विकता येईल की नाही, हे खेळ काढणारी कंपनी ठरवणार. शिवाय सुरुवातीला ज्या २१ देशांत हे सगळं चालणार होतं त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे बाहेरून आणलेलं यंत्र इथे नुसता काळा ठोकळा.

१० जूनला लॉस एंजेलिसच्या व्हिडिओ गेम प्रदर्शनात सोनीने पीएस४ ची किंमत ३९९ डॉलर सांगितली, एक्सबॉक्सपेक्षा १०० डॉलर कमी, आणि वापरलेले खेळ आजवर विकता-देता आले तसेच यापुढेही येतील हेही सांगून टाकलं. वर एक छोटी चित्रफीत काढली: मित्राला खेळ कसा द्यावा? एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात ठेवतो. संपली चित्रफीत. एक्सबॉक्सच्या बाजूने एका मोठ्या अधिकाऱ्याने तेवढ्यात असं बोलून ठेवलं की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमचा आधीचा कन्सोल आहेच. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. १९ जूनला सगळ्या अटी मागे घेतल्या गेल्या.

या माघारीकडे बहुतेक जण ग्राहकांचा विजय म्हणून बघतात. आपल्याकडून बघितलं तर तो होताच. त्याच वर्षी आपल्या सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे निदान ५१२ केबीपीएस. त्या वेगाने ४० जीबीचा एक खेळ उतरवायला सात दिवस सात रात्री लागतात, तेही वीज न जाता. भारनियमनाच्या गावात दर २४ तासांची हजेरी म्हणजे थट्टाच. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच योजनेत आपला सगळा संग्रह घरच्या दहा जणांपर्यंत वाटण्याची सोय होती, आणि माघारीबरोबर तीही गेली. आज डिजिटल खेळ कोणाला उसना देता येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांत तेव्हा टाळ्या वाजवणारेही असतील. मी वाजवल्या होत्या.

भारतात पीएस४ जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० ला आला. एक्सबॉक्स वन यायला सप्टेंबर उजाडला, आणि किनेक्ट नावाच्या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यासकट किंमत होती ४५,९९०. आठ महिन्यांत मित्रमंडळी पीएस४ वर गेली होती. मित्रांकडे जे यंत्र तेच आपल्याला, कारण डिस्क अदलाबदल करायची ती त्यांच्याशीच. इथल्या निवडीत प्रोसेसरपेक्षा हा मुद्दा नेहमीच जड होता.

आता शब्दांचा गुंता. 'डिजिटल' हे नावच फसवं आहे, डिस्कवरचा खेळही डिजिटलच असतो. दुकानात त्या शब्दाचा अर्थ फक्त 'डिस्कची खाच नसलेला' एवढाच. 'डिस्कवाला' हा शब्दही पूर्वीचा अर्थ सांगत नाही. पीएस२ मध्ये खेळ डिस्कवरूनच चालायचा. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनपासून डिस्कवरचा मजकूर आधी आतल्या साठ्यात उतरतो, मग वरून काही जीबींची दुरुस्ती डाउनलोड होते, आणि त्यानंतर खेळताना खाचेत डिस्क ठेवायची ती पुरावा म्हणून. त्यामुळे 'डिस्कवर गेम फास्ट चालतो' किंवा 'डिस्क घेतली की जागा वाचते' ही काउंटरवरची दोन्ही वाक्यं चुकीची. दोन्ही प्रकारांत खेळ एसएसडीवरूनच, म्हणजे आतल्या साठ्यावरूनच चालतो आणि जागाही तेवढीच खातो. फरक पडतो तो खेळ संपल्यावर: डिस्क विकता येते, डाउनलोड विकता येत नाही.

पीएस५ चा नवा खेळ ४,९९९ पर्यंत गेला तेव्हा या फरकाचं वजन वाढलं. समजा, वर्षाला चार खेळ घेतले आणि प्रत्येक परत विकताना अडीच हजार आले, तर वरचे दहा हजार वर्षात सुटतात. उलट सवलतीच्या सेलची वाट बघणारा, किंवा एकच फुटबॉलचा खेळ वर्षभर खेळणारा, त्याने खाचेसाठी पैसे का घालवावेत? नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आलेला एक्सबॉक्स सिरीज एस याच गिऱ्हाइकासाठी होता: डिस्क नाहीच, महिन्याची वर्गणी भरा आणि गेम पासमधलं खेळा. दरम्यान २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, फायबर गल्लोगल्ली आलं, आणि १०० एमबीपीएसवर १०० जीबीचा खेळ सव्वादोन तासांत उतरू लागला. वर्गणीचा दर मात्र आपल्या हातात नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पासचा वरचा टप्पा महिन्याला २० वरून ३० डॉलरवर नेला गेला, दरवाढ इथेही झाली.

किमतीबद्दल एक फाटा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या टप्प्यात बसवला गेला, आणि पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने सीमाशुल्क १० वरून २० टक्के केलं. अमेरिकेत ४९९ डॉलरला आलेला पीएस५ इथे ५० हजारांना का आला, याचं मोठं उत्तर त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ चा पीएस५ प्रो तर तेव्हा इथे आलाच नाही. त्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं त्याला भारतात तोवर परवानगी नव्हती. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलचं इथे अधिकृत दुकानच नाही. मिळतो तो आयात करणाऱ्यांकडून, हमी त्यांच्या शब्दाची.

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ने कॅसेटचाही अर्थ बदलला. त्याचे काही खेळ 'गेम-की कार्ड'वर येतात. कार्ड खरं, डबी खरी, पण आत खेळ नाही. खेळ इंटरनेटवरून उतरवायचा आणि कार्ड किल्लीसारखं लावून ठेवायचं. कार्ड विकता येतं, एवढी जुनी सोय त्यात ठेवली आहे. मात्र उतरवायचं दुकान बंद झालं तर नव्या मालकाच्या हाती प्लॅस्टिक उरेल. हे दूरचं भय नाही. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद केली, एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये मिटलं. पीएस३ चं दुकान २०२१ मध्ये बंद होणार होतं, ओरड झाली म्हणून राहिलं. आणि 'द क्रू' नावाच्या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले तेव्हा डिस्क घरात असलेल्यांनाही तो खेळता येईना.

हातोहात खेळ फिरवायची सवय मात्र गेलेली नाही. डिजिटल खेळ खात्याला बांधलेला, तर आता खातंच भाड्याने देणारे आणि विकणारे निघाले आहेत. टेलिग्रामवर, इन्स्टाग्रामवर 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' असे दोन भाव चालतात: पहिल्यात तुमच्या यंत्रावर तुमच्या स्वतःच्या नावाने खेळता येतं, दुसरा स्वस्त, पण इंटरनेट सतत लागतं. कंपनीच्या अटींत हे बसत नाही. विकणाऱ्याने पासवर्ड बदलला तर खेळावर कुलुपाची खूण येते, आणि तक्रार न्यायची कुठे, तर ज्या नंबरवर पैसे पाठवले होते त्याच नंबरवर.