सावकार थेट जमीन जप्त करत असे का?

‘कर्ज थकलं की सावकार गडी घेऊन यायचा आणि जमीन ताब्यात घ्यायचा, कायदा नव्हताच,’ हे दख्खनच्या 1875 च्या दंग्यांबद्दल (शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या उठावाबद्दल) हमखास सांगितलं जातं. बळजबरी होत नसे असं नाही. पण बऱ्याच जमिनी गेल्या त्या कोर्टामार्फत, आणि खरी गोम तिथेच होती.

1859 च्या दिवाणी संहितेनुसार आधी फिर्याद, मग समन्स. कुळ, म्हणजे कर्जदार, हजर झालं नाही तर एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा निकाल). त्यावर अंमलबजावणीची दरखास्त, बेलीफमार्फत जप्ती आणि शेवटी लिलाव. शिवाय कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येई. जप्तीपेक्षा या कैदेचा धाकच जास्त चाले: घाबरलेलं कुळ थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलेला नवा रोखा (कर्जाचा कागद) लिहून देई. व्याज मुद्दलाहून जास्त मागता येऊ नये हा दामदुपटीचा नियमही त्यामुळे निकामी होई, कारण मुद्दलच फुगलेलं असे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात 12 मे 1875 ला लोकांनी रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, त्या उगाच नाहीत. कोर्टात पुरावा तोच होता.

1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने (सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर) नेमक्या याच फटी धरल्या. व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैद नाही, आणि खास तारण लिहून दिलेली नसेल तर जमिनीवर जप्ती नाही. ही शेवटची तरतूद कागदावर भक्कम दिसते, पण तारण लिहून घेणं सावकाराच्याच हातात होतं.