फायटरच्या कप्प्यांची टाकी: सहा मासे एका फिल्टरवर कसे आले

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे आणि कप्प्यांच्या टाकीची इथली गोष्ट या उंचीपासूनच सुरू होते. फायटर माशाला 24 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. मुंबईत किंवा गोव्यात तो बरणीतही हिवाळा काढतो. इथं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 14-15 पर्यंत उतरतो आणि दोन लिटरची बरणी रात्रभरात खोलीइतकी गार होते. मासा खाणं सोडतो, पर मिटून तळाशी पडून राहतो. सहा बरण्यांना सहा हीटर लावणं कुणालाच परवडत नाही. म्हणून एकाच टाकीचे कप्पे पाडायचे: पाणी एक, हीटर एक, पण मासे वेगवेगळे. कप्प्यांचं कारण म्हणून नेहमी जागेची टंचाई सांगितली जाते. माझ्या मते थंडीचा वाटा मोठा आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. सयाममध्ये झुंजीसाठी पाळला जाणारा हा मासा. नराला दुसरा नर दिसला की तो कल्ले फुलवून अंगावर जातो. घरात काचेची टाकी ठेवण्याचा छंद 1850 च्या दशकात इंग्लंडमध्ये रुजला. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं मत्स्यालय 1951 चं. जुन्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी (काच बसवायची पुटी) भरून बसवलेल्या असत. त्यात मधे काच उभी करायची तर तिलाही चौकट हवी, आणि वाळलेली लांबी तडकली की गळती ठरलेली. सिलिकॉन आलं आणि काचेला काच नुसती चिकटू लागली. व्हिनेगरसारखा तो उग्र वास पूर्ण जाईपर्यंत टाकीत पाणी भरायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की घरच्या घरी कप्पे पाडता येऊ लागले.

घरगुती फिल्टरला आकार दिला तो लोडशेडिंगनं. पंप बंद पडला तरी फायटरचं फारसं बिघडत नाही, तो वर येऊन हवा घेतो. मरतात ते फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे जिवाणू. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांत प्राणवायू संपतो आणि वीज आली की तेच नासलेलं पाणी टाकीत येतं. त्यावर उपाय उघड्या, ठिबकत्या फिल्टरचा. भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे एकावर एक ठेवायचे आणि त्यात कौलांचे सुपारीएवढे तुकडे भरायचे. कौलांसाठी खानापूर तालुका प्रसिद्धच आहे, आणि जुनी घरं पाडून स्लॅबची घरं होऊ लागल्यावर फुटक्या कौलांना तोटा राहिला नाही. भाजलेली माती सच्छिद्र असते. वीज गेली तरी तुकडे ओलसर राहतात, हवाही खेळती राहते, जिवाणू तग धरतात. तुकडे मात्र धुवायचे ते लाल पाणी यायचं थांबेपर्यंत.

वाद आहे तो जोडणीचा. 'पार्टिशनची टाकी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिलीत पाणी एका टोकाच्या कप्प्यात पडतं आणि जाळ्यांमधून सहाव्यापर्यंत वाहत जातं. जाळी बहुतेकदा लोकरीच्या भरतकामाची प्लास्टिकची, फाइलच्या पट्टीत अडकवलेली. खर्च नगण्य. पण जाळीत खाणं आणि शेवाळ अडकतं, पाणी पुढं सरकत नाही, शेवटच्या कप्प्याची पातळी उतरते आणि तिथली मोटर कोरडी फिरते. शिवाय नर एकमेकांना दिवसभर दिसत राहतात.

दुसरीत मधल्या काचा वरपर्यंत बंद आणि अपारदर्शक. प्रत्येक कप्प्यात पाणी येण्यासाठी स्वतःचा कॉक आणि मागच्या काचेत ओव्हरफ्लोचं स्वतःचं भोक. सहाही भोकांचं पाणी एका पीव्हीसी पाइपातून खालच्या टाकीत उतरतं. (तिला संप म्हणतात, पण आपल्याकडे संप म्हटलं की जमिनीखालची पाण्याची टाकी डोळ्यांपुढं येते, म्हणून 'खालची टाकी' हाच शब्द बरा.) माझी काच घेऊन गेलो तेव्हा दुकानदार म्हणाले, "भोक पाडतो की वो, पण फुटली तर मला बोलायचं नाही." डायमंड बिटवर पाण्याची धार धरून त्यांनी पाच भोकं पाडली, सहाव्याला काच तडकली. टफन काच असती तर पहिल्याच भोकाला तिचा चुरा झाला असता.

भोकं टाळायला काहीजण उलट्या यू आकाराच्या नळीनं पाणी उतरवतात. वीज गेल्यावर त्या नळीत हवा शिरली, तर वीज आल्यावर मोटर पाणी वर चढवत राहते, खाली काहीच उतरत नाही आणि फरशीवर तळं साचतं. भोकाच्या टाकीत पाणी भोकापर्यंत येऊन थांबतं. मात्र तेवढं पाणी मावेल इतकी जागा खालच्या टाकीत रिकामी हवी आणि वरच्या नळ्यांची तोंडं पाण्याबाहेर हवीत, नाहीतर त्यातूनच पाणी उलटं ओढलं जातं.

बरणीवाल्यांचा आक्षेप असतो की पाणी सामाईक तर रोगही सामाईक. तो खोटा नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका फेऱ्यात सगळीकडे पोचू शकतो. पण दुसऱ्या जोडणीत एक कॉक बंद केला की तो कप्पा तुटतो आणि औषध तेवढ्याच 14 लिटरांत घालता येतं (तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि उंच टाकी 85 लिटरची). हीटरची ऊब तेवढी त्या कप्प्याला मिळत नाही. जाळीच्या टाकीत ही सोयच नाही. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवणं दोन्हीकडे आलंच.

2008 मध्ये शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आलं तसा एक नवा धोकाही आला. पूर्वी पाणी दोन-तीन दिवस साठवलेलं असे, त्यातलं क्लोरिन आपोआप उडून जाई. आता नळाचं ताजं पाणी थेट ओतलं तर कौलांवरचे जिवाणूच मरतात, आणि इथं फिल्टर एकच असल्यानं सहाही मासे एकदम अडचणीत येतात. क्लोरिन घालवणारे थायोसल्फेटचे खडे दुकानात मिळतात. मी मात्र आदल्या संध्याकाळी दोन बादल्या भरून जिन्याखाली ठेवतो आणि थंडीत ओतण्याआधी त्यात तांब्याभर कढत पाणी घालतो.