टेन्शन कोणाला जास्त, साहेबाला की हाताखालच्याला?

"वरच्या खुर्चीला टेन्शन जास्त, म्हणून तर पगार जास्त" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. गंमत म्हणजे या समजुतीवर एकेकाळी विज्ञानाचाच शिक्का होता. 1958 मध्ये अमेरिकेत जोसेफ ब्रॅडींनी माकडांच्या जोड्या शेजारीशेजारी बसवल्या, शॉक दोघांनाही एकाच वेळी, पण तो टाळायचा दांडा एकाच्याच हातात. दांडेवाल्या 'साहेब' माकडाला अल्सर झाले, दुसरं बरं राहिलं. झालं, 'साहेब बिचारा' हे जगभर पसरलं! घोळ असा की साहेब ठरवताना चिठ्ठ्या टाकल्याच नव्हत्या, आधीच्या चाचणीत जी भराभर दांडा दाबत होती तीच माकडं त्या जागी बसवली, म्हणजे बहुतेक मुळातच धास्तावलेली.

पुढे जे वाइस नावाच्या संशोधकाने हेच उंदरांवर नीट केलं. एका उंदरापुढे चाक, ते फिरवलं की शॉक बंद. दुसऱ्याची शेपूट त्याच सर्किटला, म्हणजे शॉक तेवढाच आणि तेवढाच वेळ, चाकही आहे, पण ते कशालाच जोडलेलं नाही, कितीही गरागरा फिरवा काही होत नाही. तिसऱ्याला शॉकच नाही. पोटात सगळ्यात जास्त जखमा दुसऱ्याला, पहिल्याला त्यामानाने बऱ्याच कमी.

आता माझा आवडता भाग, जरा किचकट आहे. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. त्रास लांबला की तो सेरोटोनिन सोडत सुटतो (हो, रील्समध्ये 'आनंदाचं रसायन' म्हणून विकतात तेच, इथे ते भीती वाढवतं आणि हातपाय गाळायला लावतं, तेव्हा 'हॅपी हार्मोन' वाढवणाऱ्या पावडरी घ्यायच्या आधी थोडं थांबा). कपाळामागचा मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स 'हे आपल्या हातात आहे' हे ओळखतो आणि या पुंजक्याला ब्रेक लावतो. 2005 मध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या स्टीव्हन मायर यांच्या गटाने हा कॉर्टेक्स औषधाने तात्पुरता बंद ठेवला, उंदीर चाक फिरवून शॉक बंद करतच होता, तरी नंतर तो त्या न जोडलेल्या चाकवाल्या हतबल उंदरासारखाच वागला. म्हणजे हतबलता शिकावी लागत नाही, ती मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावा लागतो तो ताबा. 1967 मध्ये याच मायरनी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमनसोबत नेमकं उलटं, म्हणजे हतबलता शिकली जाते असं मांडलं होतं आणि जवळपास 50 वर्षांनी स्वतःच दुरुस्त केलं, याला म्हणतात विज्ञान.

माणसांचं काय? 1967 पासून ब्रिटनमधल्या हजारो सरकारी कर्मचाऱ्यांवर व्हाइटहॉल अभ्यास झाला. सगळ्यात खालच्या पदांवरच्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्यांच्या साधारण तिप्पट निघालं, आणि सिगारेट, बीपी वगैरे धरूनही त्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. 1985 ला सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात कामावर ताबा कमी असणं हे मोठं कारण दिसलं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक 1979 मध्येच म्हणाले होते, भरपूर काम आणि हातात निर्णय शून्य हे मिश्रण वाईट. 2021 मध्ये आलेलं आयएसओ 45003 हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मनोसामाजिक धोके, म्हणजे कामामुळे मनावर येणारा ताण वगैरे, कामाच्या रचनेतही शोधायला सांगतं. कंपन्या मात्र ध्यानाचं ॲप देऊन मोकळ्या होतात. ध्यान वाईट नाही हो, पण त्याने चाक जोडलं जात नाही.

मी काही काळ कॉल सेंटरमध्ये काम केलंय. एक कॉल संपला की पुढचा आपोआप कानात, पाण्याला उठायचं तर स्क्रीनवर विनंती टाकायची आणि सुपरवायझरच्या होकाराची वाट बघायची. मग नवीन टीम लीड आला, म्हणाला ब्रेक तेवढाच मिळेल, कधी घ्यायचा ते तुमचं तुम्ही बघा. एकट्याचा अनुभव आहे, प्रयोग नाही. पण कॉल तेवढेच होते, शिव्याही तेवढ्याच, आणि रात्री झोप लागायला लागली.