मनगटस्नेही आदान-साधने

मनगटस्नेही आदान-साधने : संगणकाला मजकूर व आज्ञा देताना बोटे, मनगट व कोपराखालचा हात यांवरचा ताण कमी व्हावा म्हणून निवडलेले किंवा मुद्दाम घडवलेले कळफलक, माउस, ट्रॅकबॉल (जागेवरच चेंडू फिरवून पडद्यावरचा बाण हलवण्याचे साधन) इत्यादी. मुंबईत मंत्रालयातील लिपिक-टंकलेखक, फोर्टमधील न्यायालयांच्या आसपास दावे-प्रतिज्ञापत्रे टंकून देणारे, दादर-गिरगावातील डीटीपीची (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याची) कामे घेणारे, सीप्झ व मालाडच्या कार्यालयांत पाळीवर बसणारे अशा अनेकांची रोजीरोटी या साधनांवर चालते.

शारीर पार्श्वभूमी : मनगटाच्या तळहाताकडील बाजूस आठ लहान हाडे व त्यांवरून ताणलेला एक आडवा अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध व मध्यस्थ चेता (मज्जातंतू) जाते. मनगट वर किंवा खाली वाकले की बोगद्यातील दाब वाढतो आणि चेता दबते. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येणे, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटणे ही या ‘कार्पल टनेल’ विकाराची ओळखीची लक्षणे. करंगळी बधिर होत असेल, तर दोष बहुधा दुसऱ्या चेतेचा असतो. ती कोपराशी किंवा मनगटाच्या करंगळीकडील अंगाला दबते आणि माउस बदलून तिला उतार पडेलच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे हा आणखी वेगळा विकार असून तो स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्वाँ यांच्या नावाने ओळखला जातो (१८९५). ही तीन दुखणी एकाच नावाखाली टाकल्यामुळे साधनांची निवड वारंवार चुकते.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता व गरोदरपण यांतही बोगद्यातील दाब वाढतो. संगणकाचा वाटा किती, याबाबत एकमत नाही. डेन्मार्कमधील एका मोठ्या पाहणीत (२००३) कळफलकाचा संबंध ठळकपणे दिसला नाही. मात्र आठवड्याला सुमारे वीस तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत लक्षणे वाढलेली आढळली. कळफलकापेक्षा माउसकडे आधी पाहावे, असे म्हणण्यास यातून आधार मिळतो.

दुभंगलेला कळफलक : लिहिणाऱ्या हाताचे दुखणे संगणकाहून पुष्कळ जुने आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लेखनिकांच्या हाताच्या थकव्याची नोंद केली होती. कळफलक दोन भागांत विभागण्याची कल्पना नेमकी कोणाची, याविषयी मतभेद आहेत. इंग्रजी ग्रंथांत हे श्रेय बहुधा कार्ल क्रोमर यांच्या १९७२ च्या लेखाला दिले जाते. परंतु जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२०च्या दशकातच टंकलेखन यंत्राचा कळफलक मधोमध विभागून दोन्ही अर्धे तिरके ठेवण्याचा प्रस्ताव मांडला होता. तेव्हा कल्पना क्लॉकेनबर्ग यांची व मोजमाप क्रोमर यांचे, असे मानणे अधिक योग्य दिसते. ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट व स्टीफन हॉबडे यांनी १९७०च्या दशकात वाटीसारखा खोलगट ‘माल्ट्रॉन’ कळफलक तयार केला. मायक्रोसॉफ्टच्या ‘नॅचरल’ कळफलकामुळे (१९९४) हा आकार सर्वसामान्यांच्या टेबलावर आला.

सरळ कळफलकावर दोन्ही हात मध्यभागी आणावे लागतात, त्यामुळे मनगटे करंगळीच्या दिशेने मुडपतात. कळफलकाचे दोन अर्धे खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवले, की हात कोपरापासून सरळ पुढे येतो. साधनाचा खरा लाभ एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

मराठी कळरचना व करंगळी : कळफलकांची तुलना करणारे बहुतेक लेखन इंग्रजी टंकलेखन गृहीत धरते. मराठीत ताणाची वाटणी वेगळी होते, म्हणून हा मुद्दा येथे विस्ताराने घेतला आहे.

मराठी टंकलेखन यंत्रांची रेमिंग्टन रचना अक्षराचे तुकडे जुळवणारी होती. ‘ग’ किंवा ‘ण’साठी आधी अर्धे अक्षर व मग काना, असे दोन ठोके पडत. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत टंकलेखन यंत्रे बनवण्यास सुरुवात केली. अशा यंत्रांवर हात शिकलेल्या पिढीचा ठोका आजही जड असतो. त्या यंत्राची कळ खोलवर दाबावी लागे, संगणकाची लागत नाही, पण बोटांची सवय जात नाही. याच धर्तीची रचना डीटीपीच्या कामात टिकून आहे.

इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची समान रचना १९८६ मध्ये शासकीय पातळीवर प्रमाण ठरली व १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात समाविष्ट झाली. स्वरचिन्हे डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला अशी तिची मांडणी आहे. हात आलटून-पालटून चालत असल्याने ती हाताला सोपी, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. ‘का’, ‘रे’, ‘तो’ अशा अक्षरांपुरते ते खरे आहे. पण ज, च, ट, ड व य या पाचही कळा उजव्या करंगळीकडे येतात. शिवाय महाप्राण व्यंजने, ण, श, ष, ळ आणि सगळे सुटे स्वर यांना शिफ्टची जोड लागते. ‘चटणी’ हा साधा शब्द घ्यावा. च उजव्या करंगळीने, ट त्याच करंगळीने एक कळ बाहेर सरकून, आणि ण ही कळ डाव्या हाताकडे असल्याने तिची शिफ्टही उजव्या करंगळीनेच. तीन अक्षरांत एकच बोट, तेही सर्वांत दुबळे, लागोपाठ तीनदा बाहेर ताणले जाते आणि त्याच्याबरोबर मनगट दरवेळी बाहेरच्या अंगाला वळते. त्र, ज्ञ, श्र यांच्या थेट कळा आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह असल्याने हात आणखी लांबवावा लागतो.

यावर दोन उपाय आहेत. संगणकातील ‘स्टिकी कीज’ ही सोय सुरू केली, की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. ती एकदा दाबून सोडावी आणि मग अक्षर टंकावे. दुसरा उपाय म्हणजे अंगठ्यांना अधिक कळा देणारा, फेरमांडणी करता येणारा दुभंगलेला कळफलक. त्यावर शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते. मराठीत दिवसभर टंकणाऱ्याने महागड्या मनगट-उशीऐवजी याकडे आधी पाहावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीत करंगळी सुटते, पण एकूण ठोके वाढतात.

माउस व पर्याय : डग्लस एंगेलबार्ट यांच्या चमूने १९६४ मध्ये लाकडी माउसचा नमुना तयार केला. ट्रॅकबॉल त्याहून जुना आहे. ब्रिटिश अभियंता राल्फ बेंजामिन यांनी १९४६ च्या सुमारास त्याची कल्पना मांडली व कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ मध्ये बोलिंगचा चेंडू वापरून तो बनवला गेला.

नेहमीच्या माउसवर तळहात जमिनीकडे वळवून धरावा लागतो. उभा माउस हात हस्तांदोलनाच्या स्थितीत ठेवतो. लॉजिटेकच्या एका नमुन्यात हा कोन ५७ अंश आहे. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कार्पल टनेलच्या रुग्णांमध्ये उभा माउस व जेलच्या गाद्या वापरल्यावर मनगटाची ठेवण सुधारली, पण बोगद्यातील दाब कमी झाला नाही. त्याआधी १९९९ च्या एका अभ्यासात माउसचे बटण दाबून ओढण्याच्या क्रियेत हा दाब बराच वाढतो असे दिसले होते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर माउसच्या आकाराइतकेच ओढण्याचे काम कमी करणे महत्त्वाचे ठरते. ट्रॅकबॉलमध्ये हात स्थिर राहतो. तथापि अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल अंगठ्याच्या मुळाशी दुखणे असलेल्यांनी घेऊ नये. त्यांना बोटांनी फिरवायचा मोठा चेंडू बरा. लेखणी-पाटी (ग्राफिक्स टॅबलेट) चित्रकारांना मानवते.

मुंबईतील निवड : ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही या साधनांची जुनी बाजारपेठ. खोकी बंद असतात, तरी उघडून ठेवलेला एखादा नमुना मागून घ्यावा व पाच मिनिटे हातात धरून पाहावा. बोटे बटणांच्या टोकापर्यंत पोचावीत आणि तळवा मागे लोंबू नये. यांत्रिक कळफलक (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेला) घेताना कळ दाबायला किती जोर लागतो ते विचारावे; चेरी कंपनीची ‘रेड’ कळ सुमारे ४५ सेंटिन्यूटन बलाला दबते, ‘ब्लॅक’ सुमारे ६० ला. आकडेपट्टी नसलेला कळफलक घेतल्यास माउस जवळजवळ वीतभराच्या निम्म्याने आत येतो आणि खांदा सुटतो. हिशेबाचे काम असेल, तर सुटी आकडेपट्टी घेऊन ती डावीकडे ठेवता येते.

खर्च न करता होणारा बदलही आहे. कळफलकामागचे दोन पाय मिटवून ठेवावेत. ते उघडले की मनगट वर वाकते. कार्यालयांतील मेजे बहुधा लिहिण्यासाठी बेतलेली, सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीची असतात आणि बुटक्या माणसाला तिथे खांदे उचलून टंकावे लागते. खुर्ची वर घेऊन पायांखाली पाट ठेवावा. एका खोलीच्या घरात पलंगावर मांडी घालून लॅपटॉप चालवणाऱ्यांनी निदान सुटा कळफलक मांडीवरच्या फळीवर घ्यावा व पडदा पुस्तकांच्या थप्पीवर चढवावा. लोकलच्या तासाभराच्या प्रवासात अंगठ्याने फोन चालवणे हेही त्याच हाताच्या खात्यात जमा होते.

शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत अर्गोनॉमिक्सचे (काम व साधने माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याच्या शास्त्राचे) काम चालते, तर पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रातून (स्थापना १९६९) ‘स्वरचक्र’ हा मोबाइलवरचा देवनागरी कळफलक पुढे आला. व्यंजनावर बोट टेकताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि एका सरकत्या स्पर्शात अक्षर पूर्ण होते. मराठी बोलून मजकूर उमटवण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली. हात आखडलेला असताना पहिला मसुदा बोलून घ्यावा व दुरुस्तीपुरता कळफलक वापरावा. गजबजलेल्या कार्यालयात मात्र हे जमणे कठीण असते.